आखूड कील

कळंब्याच्या रस्त्याला पत्र्याची एक लांबलचक शेड आहे. २००२ साली तिथं सुष्मितानं अडतीस फुटी शिडाची नौका बांधायला घेतली. कोल्हापूरपासून समुद्र म्हणजे मधे एक घाट आणि मग कोकण; पण शहराला त्याच्याशी कधी देणंघेणं नव्हतं. येणारेजाणारे शेडच्या दारात थांबायचे आणि काशिफला विचारायचे, "पावणं, औंदा पंचगंगा लईच फुगणार हाय का काय?" काशिफ हसून "व्हय की" म्हणायचा आणि परत कामाला लागायचा.

काशिफचे वडील गौसभाई मंगळवार पेठेत ट्रकच्या बॉड्या बांधायचे. काशिफनं त्यातून बाहेर पडून फायबरचं काम उचललं होतं. पाण्याच्या टाक्या, बसचे पुढचे मोहरे, देखाव्यांचे हत्तीघोडे असं काहीही तो करायचा. सुष्मिता मात्र जहाजबांधणीचं शिकायला कोचीला गेली होती, मग सात-आठ वर्षं गोव्याच्या एका यार्डात दुसऱ्यांच्या नौकांची ड्रॉइंग्ज काढत होती. तिचे वडील पंचाक्षरी यांची शिरोलीला फाउंड्री होती. नौकेच्या पोटाखाली ओतीव लोखंडाचा जो जड पंखा लागतो, ज्याला कील म्हणतात, तो वडील ओततील, कवच काशिफ करेल आणि आखणी आपली, असा तिचा हिशेब. सगळं घरचं. त्याचाच तिला जास्त आनंद होता.

नौका बाळासोंसाठी होती. बाळासो रस्त्यांचे आणि कालव्यांचे ठेकेदार. शाहूपुरीत त्यांचं ऑफिस, आणि रत्नागिरीकडं एका खाडीच्या काठाला नुकताच बांधलेला बंगला. कुठल्याशा परदेशवारीत त्यांनी बंदरात उभ्या असलेल्या पांढऱ्या नौका पाहिल्या होत्या आणि तशी एक आपल्या बंगल्यासमोर असावी असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

पहिल्या भेटीत सुष्मितानं त्यांना सगळं नीट समजावून सांगितलं. ही नौका तरंगता बंगला नाही, पण नुसती शर्यतीचीही नाही. चार-पाच माणसं हिच्यात आठवडाभर राहू शकतील, चूल पेटवू शकतील, झोपू शकतील, आणि वारा मिळाला की ही पळेल. कवच अरुंद आणि हलकं ठेवायचं, डोलकाठी उंच, शिडं मोठी. एवढं शीड वाऱ्यानं दाबलं की नौका कलणार, म्हणून खाली साडेसहा फूट खोल कील. नौकेच्या सगळ्या वजनात शंभरातले चाळीस भाग त्या एका लोखंडाचे. वारा वरून ढकलतो, कील खालून ओढते. आणि त्याच कीलच्या जोरावर नौका वाऱ्याच्या तोंडावर तिरकी चढत जाते, नाहीतर ती पाण्यावर नुसती आडवी घसरत राहील.

बाळासोंनी ऐकून घेतलं. त्यांच्या समजुतीसाठी तिनं उसाच्या ट्रॉलीचा दाखला दिला. ट्रॉली भरायला हरकत नाही, पण वरवर रचत गेलं की वळणावर ती आडवी होते. बाळासो म्हणाले, म्याडम, तुमी म्हणशीला तसं.

तीन महिन्यांनी ते शेडवर आले. कवच साच्यातून नुकतं निघालं होतं. काशिफच्या माणसांनी ते आतून पुसून ठेवलं होतं आणि दुपारच्या उन्हात ते अंड्याच्या टरफलासारखं उजळलं होतं. बाळासोंबरोबर आलेली चारपाच माणसं बूट घालूनच शिडीवरून आत उतरली. एकानं तोंडातल्या गुटख्याची पिंक तळाच्या कोपऱ्यात टाकली. सुष्मितानं ते पाहिलं. तिला वाटलं बाळासो काहीतरी बोलतील. त्यांनी तिकडं बघितलंही, आणि ते छताच्या उंचीबद्दल बोलू लागले. आत उभं राहिल्यावर डोक्याला छप्पर लागल्यागत वाटतं, फूटभर वर घ्या. काशिफनं चिंधी आणून ते लाल पुसून काढलं. डाग राहिलाच.

त्यानंतर दर भेटीत काहीतरी वाढत गेलं. छप्पर उंच झालं. मग एसी, आणि एसीसाठी जनरेटर. मग छपरावर बसायला जागा आणि स्टीलचा कठडा. मग आत बार, त्याला ग्रॅनाइटचा कट्टा, कारण बंगल्यातही तसाच होता. प्रत्येक गोष्ट वर चढत होती, आणि सुष्मिता प्रत्येक वेळी खाली बसून नव्यानं आकडे मांडत होती. ट्रॉलीवर एकेक मोळी चढत होती. तिनं काही गोष्टी अडवल्या, काही गिळल्या. एका रविवारी ती सहज शेडवर गेली तर आत कवचामध्येच सतरंज्या अंथरून आदल्या दिवशी बाळासोंच्या माणसांची जेवणावळ झालेली. तळात हाडं, थिजलेल्या रश्शाचा लाल थर, फुटलेला ग्लास आणि एका बाजूला कुणीतरी ओकलेलं. फायबरच्या उग्र वासात तो वास मिसळून असा काही घट्ट झाला होता की तिला दारात येऊन उभं राहावं लागलं. तिच्या घरी मांसाहार नव्हता, पण तिला शिसारी मटणाची आली नव्हती. काशिफ मटण खाणारा, त्यालाही तितकीच आली. ज्या वस्तूत आपण वर्षभर हात घातले तिच्यात माणसं अशी कशी वागतात, हे तिला कळेना. दोघांनी मिळून दिवसभर तळ घासला.

शेवटी कीलची गोष्ट निघाली. ओहोटीला बंगल्यासमोर पाणी उतरतं, साडेसहा फुटांची कील चिखलात रुतेल, ती दोन फूट तोडा, असं बाळासोंचं म्हणणं. सुष्मिता नाही म्हणाली. मग फार वाद झाल्यावर तिनं मधला मार्ग काढला. एक फूट कमी करायचा, पण कीलच्या टोकाला भोपळ्यासारखा जड गोळा जोडायचा, म्हणजे वजन खालीच राहील. तिनं नवं ड्रॉइंग काढलं, वडिलांना दिलं, लाकडी साचा बघितला आणि डोलकाठी आणि शिडं आणायला गोव्याला गेली.

पंधरवड्यानं परत आली तेव्हा कील बसवून झाली होती. कवच घोडीवर उभं होतं, खाली काळा रंग दिलेली कील, बोल्ट आवळलेले. तिला टेप लावायची गरज पडली नाही. गोळा नव्हता. सपाट बुडाचा, आखूड, जाड तुकडा होता तो, मूळच्या आखणीपेक्षा पुरते दोन फूट कमी. काशिफ खाली मान घालून उभा होता. तो म्हणाला, "ताई, मी म्हनलो हुतो तुमच्या अप्पांस्नी, तिला इचारूया. ते म्हनले, मी बाप हाय तिचा."

ती तशीच शिरोलीला गेली. पंचाक्षरी फाउंड्रीच्या ऑफिसात होते. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, समोर चहा. त्यांनी आधीच ठरवून ठेवल्यासारखं बोलायला सुरुवात केली. बाळासोंना नौका ओहोटीला चिखलात सरळ बसवायची होती, गोळा असता तर ती लवंडली असती. शिवाय बाळासोंच्या शब्दावर उपसा सिंचनाच्या पंपांच्या कास्टिंगचं मोठं काम येणार होतं, फाउंड्री मंदीतनं बाहेर निघणार होती. आणि नौका काही समुद्र ओलांडून जाणार नव्हती, बंगल्यासमोर उभी राहणार होती.

"अप्पा, शीड वर चढलं आन् वाऱ्याचा झपका आला तर ती आडवी हुईल," सुष्मिता म्हणाली.

"त्याची बोट हाय. त्याला शीड नको आसंल तर न्हाई चढवनार."

"आन् मला सांगायचं न्हवतं?"

"सांगिटलं आसतं तर तू करू दिलं आसतंस व्हय?"

तिला त्या ऑफिसाची, टेबलावरच्या काचेची, वडिलांच्या स्वच्छ पांढऱ्या शर्टाची एकदम किळस आली. लहानपणापासून ते सांगत आले होते की कास्टिंगमध्ये पोकळी राहिली तर वरून रंग देऊन विकायचं नाही, फोडून परत भट्टीत टाकायचं. ती उठून बाहेर पडली.

तिनं बाळासोंना समजवायचा एक प्रयत्न केला. नौकेची सहा फुटी प्रतिकृती तिच्याकडं होती. ती तिनं हुबेहूब तशीच केली, उंच छप्पर, वर वजन, आखूड कील, आणि त्यांना कळंब्याच्या तलावावर नेलं. संध्याकाळचा साधा वारा होता. प्रतिकृती काठापासून थोडी पुढं गेली, कलली, आणि पाण्यावर आडवी पडून तशीच राहिली. बाळासो खदखदून हसले. म्याडम, खेळणं हाय ते, म्हणाले, आणि ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितली.

तेव्हाच काम सोडून द्यावं असं तिला वाटलं होतं. पण नौका तर जाणारच होती पाण्यात, आणि ती कशी वागते हे जाणणारं तिथं दुसरं कुणी नव्हतं.

दिवाळीनंतर नौका ट्रेलरवरून घाट उतरली. खाडीच्या धक्क्यावर क्रेननं तिला पाण्यात सोडलं. सुष्मितानं काशिफच्या सात-आठ माणसांना एका कडेला उभं केलं. नौका जितकी कलायला हवी त्याच्या दुप्पट कलली. तिनं बाळासोंना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं की इंजिनावर हळू चालवा, वर चारपेक्षा जास्त माणसं नकोत आणि शीड अजिबात चढवू नका. बाळासोंनी मान हलवली. मागं मांडव, बँडवाले, जेवणाच्या कढया. पाहुणे येत होते, पुढारी, अधिकारी, त्यांचे मेव्हणे. नारळ फुटला आणि पाहुणे एकामागून एक नौकेत शिरू लागले. पंचाक्षरींनाही कुणीतरी हात धरून नेलं. ते आत बारच्या कट्ट्याशी जाऊन बसले, कुणीतरी त्यांच्या हातात लिंबू सरबत दिलं. सुष्मिता धक्क्यावर थांबणार होती. वडील आत गेलेले पाहिल्यावर ती आणि काशिफ शेवटी चढले.

खाडीच्या मधोमध गेल्यावर बाळासोंना शीड हवं झालं. व्हिडिओवाला दुसऱ्या होडीत उभा होता. सुष्मिता मागच्या बाजूला सुकाणूपाशी होती. ती ओरडून सांगेपर्यंत त्यांच्या माणसांनी दोर ओढून मोठं शीड वर नेलं होतं आणि त्याचा खालचा दोर, ट्रकवर ताडपत्री आवळावी तसा, गाठीवर गाठ मारून बांधला होता. पाहुणे फोटोसाठी छपरावर चढले, सगळे एकाच अंगाला.

डोंगराच्या खिंडीतून वारा आला. फार मोठा नव्हता. तिच्या मूळच्या आखणीतली नौका त्या वाऱ्यात जरा कलून वेगानं निघाली असती. ही मात्र कलली ती कलतच गेली. छपरावरची माणसं कठड्यावर आपटली, दोघं पाण्यात पडले, खिडक्यांच्या काचांपर्यंत पाणी आलं. आतून काहीतरी सुटून घसरल्याचा घर्र आवाज झाला आणि मग एक किंकाळी आली. सुष्मिता हातापायांवर सरपटत दोरापर्यंत गेली. गाठ सुटेना. काशिफनं कंबरेची सुरी तिच्या हातात दिली आणि तिनं दोर कापला. शीड फडफडत मोकळं झालं. नौका लगेच सरळ झाली नाही. आडवी पडून ती जणू विचार करत राहिली, आणि मग सावकाश, आजाऱ्यासारखी उठली.

पाण्यात पडलेल्यांना व्हिडिओवाल्याच्या होडीनं उचललं. कुणी मेलं नाही. सुष्मिता आत उतरली. तळात रस्सा, दारू, बर्फ, समुद्राचं पाणी आणि ओकाऱ्या एकत्र हिंदकळत होत्या. त्यात चपला तरंगत होत्या. ग्रॅनाइटचा कट्टा जागचा सुटून भिंतीला जाऊन भिडला होता, आणि मधे पंचाक्षरींचा पाय होता. ती आणि काशिफ त्या घाणीत गुडघे टेकून तो दगड हटवत होते तेव्हा बाळासो वरून वाकून विचारत होते की व्हिडिओ चालू होता का, असला तर बंद करा.

पंचाक्षरींच्या डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली.

काही दिवसांनी स्थानिक पेपरात छापून आलं की नौकेच्या सदोष आखणीमुळं अपघात झाला. पाण्यात पडलेल्या एका अधिकाऱ्यानं तक्रार करायचं मनावर घेतलं होतं, म्हणून बाळासोंनी शाहूपुरीतल्या ऑफिसात सगळ्यांना बोलावलं. तो अधिकारी होता, बाळासोंचे वकील होते, काशिफ होता. पंचाक्षरी पायाला प्लास्टर घालून, काठी टेकत आले. बाळासोंनी गोड आवाजात सांगितलं की म्याडम हुशार आहेत, पण पुस्तकी. पहिलीच नौका, चूक व्हायचीच, कुणी मनावर घेऊ नये. त्यांनी स्वतः काहीच बदललं नव्हतं, जे ड्रॉइंग दिलं तेच केलं.

काशिफ उठून म्हणाला की असं नाही, कील बदलली होती. वकिलांनी त्याला विचारलं, ती तू ओतलीस का? तो म्हणाला, नाही. मग बस, म्हणाले.

सुष्मिता वडिलांकडं वळली. "अप्पा, कील किती खोल हुती ते सांगा ह्यांस्नी."

चहा आला होता. पंचाक्षरींनी बशीतला चहा एका घोटात प्यायला, बशी खाली ठेवली, धोतराचा सोगा प्लास्टरवर ओढून घेतला. खोलीत पंखा फिरत होता.

"ते तुलाच म्हाईत," ते म्हणाले. "ड्रॉइंग तुझं."

बाळासोंची तिला चीड आली होती, त्यांच्या माणसांची शिसारी. पण हे वेगळं होतं. समोर बसलेल्या माणसाचं नाक, बोटांची ठेवण, बशीनं चहा प्यायची रीत, सगळं तिच्याकडं आलं होतं, आणि त्या क्षणी ते अंगावरून खरवडून काढावं असं तिला वाटलं. ती जिना उतरून खाली आली आणि रस्त्याच्या कडेला, एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून ओकली.

त्या आठवड्यात तिनं घर सोडलं आणि कळंब्याकडं खोली घेतली. आई, गौराबाई, दर सोमवारी डबा घेऊन यायची. ती नवऱ्याची बाजू मांडायची नाही आणि मुलीचीही नाही. भाकरी झाकून ठेवायची, भांडी विसळायची आणि जाताना म्हणायची की त्यांना जेवण जात नाही. सुष्मिता विचारायची, पंपाचं काम मिळालं का? मिळालं, असं आई सांगायची. पुढं वर्षभरात ते कामही दुसऱ्या कुणाकडं गेलं, असं तिनंच सांगितलं. बाळासोंची नौका बंगल्यासमोरच्या चिखलात बसून राहिली. काशिफ एकदा तिकडून जाऊन आला. डोलकाठी कापून टाकली होती, छपरावर रंगीत दिवे लावले होते, आत जेवायची टेबलं मांडली होती आणि बाजूच्या पाण्यावर पत्रावळ्या तरंगत होत्या. सुष्मितानं त्याला पुढं सांगू दिलं नाही.

दोन वर्षं ती आणि काशिफ मच्छीमारांच्या होड्यांना फायबर चढवत राहिले. सदोष आखणीची बातमी लोक विसरले तरी गिऱ्हाईक विसरत नव्हतं. मग गोव्यातल्या एका डॉक्टर नवराबायकोनं विचारणा केली. त्यांनी बातमी वाचली होती, आणि खरं काय झालं ते तिलाच विचारावं म्हणून ते कोल्हापूरला आले होते. तिनं सांगितलं. वडिलांचं नावही सांगितलं. तेच मूळचं ड्रॉइंग तिनं त्यांच्यापुढं ठेवलं आणि यातला एक इंचही बदलणार नाही, हे आधीच बजावलं. कील तिनं बेळगावला ओतून घेतली आणि ओतताना स्वतः भट्टीपाशी उभी राहिली.

२००७ च्या फेब्रुवारीत ती नौका गोव्याच्या समुद्रात उतरली. वारा भरला तशी ती कलली, एका ठरावीक कोनावर येऊन थांबली आणि तिथून पुढं तिनं नुसता वेग घेतला. वाऱ्याच्या तोंडावर तिरकी चढताना सुकाणू दोन बोटांनी धरता येत होतं. डॉक्टरीणबाई आत उभ्या राहून चहा करत होत्या आणि तो सांडत नव्हता. काशिफ पुढं नाळेवर, नौकेच्या टोकाला बसून आयुष्यात पहिल्यांदा मोठमोठ्यानं गात होता. सुष्मितालाही बरं वाटलं. पण अधूनमधून तिचे डोळे आपोआप छपराकडं, माणसं मोजायला जात होते, आणि ते तिला थांबवता येईना.

त्याच उन्हाळ्यात पंचाक्षरी कळंब्याच्या शेडवर आले. तिसऱ्या नौकेचं काम सुरू झालं होतं, तिची कील दाराशी लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेली. ते लंगडत आत आले, कीलपाशी थांबले आणि तिच्यावरून हात फिरवला.

"बेळगावची?"

"व्हय."

"बरी वतलीया."

काशिफनं खुर्ची आणली. ते बसले नाहीत. कीलवर हात तसाच ठेवून, सुष्मिताकडं न बघता ते म्हणाले, "त्या दिशी मी बोलाय पायजे हुतं."

हे वाक्य कधीतरी येईल, असं सुष्मितानं चार वर्षं मनात धरलं होतं. आलं की आपल्याला रडू येईल असंही वाटलं होतं. प्रत्यक्षात त्यांच्या शर्टाला येणारा विभूतीचा आणि भट्टीच्या धुराचा ओळखीचा वास आला आणि तिला परत तीच किळस आली. ते थकले होते, पाय ओढत होते, तरी आली. त्याची तिला लाजही वाटली.

"व्हय," ती म्हणाली. "पायजे हुतं."

"म्होरची कील मी वतून देऊ?"

"नगं, अप्पा."

त्यांनी मान डोलावली. आता ते खुर्चीवर बसले, दुखरा पाय पुढं सरळ केला. सुष्मितानं काशिफला चहा सांगायला लावला. चहा आला तेव्हा तिनं त्यांना कपच दिला, बशी दिली नाही, आणि बापलेक दोघं कवचाच्या सावलीत चहा प्यायली.